कडेने धरायची नाणी

९ जानेवारी

काका,

नमस्कार. खुब्याचं हाड कितपत जुळलं? वॉकर घेऊन जिना उतरायचे प्रयोग करू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. फोनच करणार होते, पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं तर बाहेरच्या खोलीत बाबांनाही ऐकू जाणार. मला जे विचारायचंय ते त्यांना कळू द्यायचं नाहीये, म्हणून हे पत्र.

बाबांच्या उजव्या डोळ्यात उजेडाची जी चीर उरली होती तीही मिटली. मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि माझ्याच घरी ही तऱ्हा. एकदा मनसोक्त रडून घेतलं, आता नाही रडत.

नवल म्हणजे बाबा खचले नाहीत. याचं श्रेय तुम्हा दोघांच्या त्या रोमन चिल्लरला. आई असती तर म्हणाली असती, ‘शेवटी कामाला आली म्हणायची!’ सकाळी निघताना मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवते. संध्याकाळी येते तेव्हा ते त्याच खुर्चीत असतात, पण चेहरा मात्र दिवसभर गावभर हिंडून आल्यासारखा. जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवलेली बोटं ती. नुसता अंगठा फिरवून प्रत्येक नाणं ओळखतात. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला शिपाई भाला खुपसतोय तो ‘पडका’. निशाणं धरून दोन शिपाई समोरासमोर उभे ते ‘जुळे’. कैद्याला केसांना धरून ओढणारा बादशहा तो ‘फरफट्या’. आणि ज्याच्या गालावर टणक फोड आहे तो अर्थातच ‘गालगुंड्या’, तुम्ही दोघांनी मिळून घेतलेलं पहिलं नाणं. तो हाताला लागला की बाबा बाकी सगळं सोडून त्याचा गाल चोळत बसतात. ‘सोळाशे वर्षं गाल सुजलाय बिचाऱ्याचा, आणि कुणाला दया येत नाही,’ हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता ते बोलायच्या आधीच हसते.

तुम्हाला हसू येईल, पण ‘कडेने धर, कडेने धर’ म्हणून आपल्या मागे लागणारा हा माणूस आता हातमोजे घालत नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाले, “हातमोजा घातला की मला दिसत नाही, ठमे.”

आता मूळ मुद्दा. परवा पेटी पुसताना काही नाण्यांवर फिकट हिरवी पूड दिसली. नेहमीचा जुना हिरवा रंग नव्हे. बोटाला लागते, फुंकर मारली की उडते. गालगुंड्याच्या फोडाच्या बुडाशीही आहे. बाबा रोज विचारतात, “हिरवं काही दिसत नाही ना गं?” आणि मी म्हणते, “काही नाही, बाबा.” हे काय आहे ते लवकर कळवा.

तुमची,
ठमी

१६ जानेवारी

ठमे,

आधी आशीर्वाद, मग वाईट बातमी. तू जे लिहिलंस तो ब्राँझला होणारा रोग आहे. मिठाचा अंश आणि ओल एकत्र आली की धातू आतून सडत जातो, आणि ती पूड म्हणजे सडलेला धातू. वेळीच थांबवला नाही तर नाण्याचं पीठ होतं. मी अतिशयोक्ती करत नाही. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत जन्म घालवला, क्षार काय करतात ते मला विचार.

हे मीठ कुठून आलं ते तुझ्या लक्षात आलं असेलच. दादाच्या तळहातांना पहिल्यापासून घाम. शाळेत त्याच्या वहीची शाई फुटायची. म्हणून तर तो हातमोज्यांचा एवढा कडक होता. ज्याने आपल्याला कडेने धरायला शिकवलं त्याच्याच हातांनी नाणी मरतायत, ठमे.

हे त्याला सांगायचं नाही. डोळे गेले, आता हातही गेले असं त्याला वाटता कामा नये. तू म्हण, काकाला नाण्यांची वजनं घेऊन टिपायची आहेत, त्याच्याकडे बारीक काटा आहे. जी जास्त आजारी आहेत ती आधी पाठव. मी सोड्याच्या पाण्यात भिजवीन, रोग खरवडून काढीन, भट्टीत वाळवीन आणि वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, पातळ थर देईन. मग दादाने खुशाल चोळत बसावं. घाम धातूपर्यंत पोचणारच नाही. वेळ लागेल, पण वाचतील.

दादा आंधळा, मी बहिरा. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं, पण मधे तुला उभं राहावं लागतंय. माझी पत्रं त्याला वाचून दाखवताना असल्या जागा गाळत जा.

काका

२५ जानेवारी

काका,

पार्सल पाठवलं. वजनाचं सांगितल्यावर बाबा खूश झाले. “त्याला अजून हौस आहे म्हणजे!” म्हणाले. स्वतःच एकेक नाणं कापसात गुंडाळून दिलं. गालगुंड्याला मात्र बराच वेळ मुठीत धरून होते. “याचं वजन पहिलं घ्यायला सांग आणि पहिल्या टपालाने परत पाठवायला सांग. हा नसला की हाताला चुकल्यासारखं होतं,” असा निरोप आहे.

मला जरा अपराध्यासारखं वाटलं. पण तुम्ही म्हणता तेच बरोबर. त्यांना सांगून काय मिळवायचंय?

ठमी

१ मार्च

ठमे,

झाली! सगळी वाचली. यातलं एक अक्षर दादाला वाचून दाखवू नकोस, पण मला कुणापुढे तरी फुशारकी मारायचीच आहे, तेव्हा तू ऐक.

आठवडेच्या आठवडे पाणी बदलत बसलो. घरात बादल्या, वाट्या, बरण्या. शेजारणीला वाटलं मी लोणची घालतोय. गालगुंड्याची अवस्था सगळ्यांत वाईट होती. तो फोड वरून दगडासारखा, पण सुईने उचलला तर खाली सगळी हिरवी पूड. गालगुंड म्हणून आपण ज्याची इतकी वर्षं थट्टा केली तो रोगच होता. अख्खा काढला. खाली बादशहाचा गाल जवळजवळ शाबूत निघाला, आणि डोळा तर इतका मोठा आणि वर बघणारा की मी भिंग हातात घेऊन बघतच राहिलो. आपल्यापैकी कुणीच हा चेहरा आजवर पाहिला नव्हता. दादाला दाखवता येत नाही एवढंच दुःख.

सगळ्यांना लॅकर दिलंय. आता हात लावायला कसलीही भीती नाही. उरलेलीही पाठवून दे, त्यांच्यातही सुरुवात झालेलीच असणार.

आणि दादाला पसंत पडली का ते कळव. त्याच्या शब्दांत कळव.

काका

१२ मार्च

काका,

पार्सल नीट पोचलं. बाबांनी सगळी नाणी हाताळली. खूप वेळ हाताळली. “आली म्हणायची परत,” म्हणाले.

त्यांच्या पायाची जखम चिघळली आहे. साखर आटोक्यात येत नाही. काल त्यांना दवाखान्यात दाखल केलं, काही आठवडे राहावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. दुकान, दवाखाना, घर अशी माझी तारांबळ उडालीय, म्हणून पत्र आवरतं घेते. ते घरी नाहीत तेवढ्यात उरलेली नाणीही पाठवून देत आहे. कागदात गुंडाळताना पाहिलं, तुमचं खरं आहे, बहुतेकांवर हिरवं धरलंय. म्हणजे आपण करतोय ते योग्यच आहे ना?

ठमी

२० एप्रिल

ठमे,

उरलेली सगळी आज पाठवली. एकही गेलं नाही. दादाचा पाय कसा आहे? तो घरी आला का? तू त्याच्या शब्दांत कळवणार होतीस ते राहूनच गेलं. मला एवढं कौतुकाचं वेड नाही, पण त्याच्याकडून शाबासकी घ्यायची सवय अजून सुटलेली नाही.

काका

२९ एप्रिल

काका,

हे पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. आता काही झालं तरी पुरं करणार आहे. मी तुमच्यापासून लपवलं, आणि लपवल्यामुळे सगळं हाताबाहेर गेलं.

मार्चमध्ये पहिली नाणी परत आली तेव्हा बाबांनी एकेक हातात घेतलं आणि खाली ठेवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ठेवलं. मग मला विचारलं, “ठमे, ही कुठली?” मी म्हटलं, “आपलीच.” ते म्हणाले, “गुळगुळीत आहेत. कपड्याच्या बटणांसारखी.” मी म्हटलं, काकांनी धूळ पुसली असेल. मला वाटलं, सवय होईल. तुम्ही एवढे खपला होता, कोणत्या तोंडाने लिहू की त्यांना ओळखूच येत नाहीयेत? म्हणून ‘आली म्हणायची परत’ एवढंच कळवलं. ते असं म्हणाले होते हे खरं आहे. कसं म्हणाले ते लिहिलं नाही. आणि त्यावर कडी म्हणजे उरलेलीही पाठवून दिली. माझी बुद्धी कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

परवा बाबा घरी आले. खुर्चीत बसल्या बसल्या पेटी मागितली. मी दिली. सगळ्या कप्प्यांवरून हात फिरवला आणि पेटी बंद केली. मग अगदी शांत आवाजात म्हणाले, “खरी ठेवून घेतली त्याने.”

मी म्हटलं, “बाबा, काहीतरीच काय बोलताय!”

“मग माझी कुठे आहेत? पडका कुठाय? वजनं घ्यायचीत म्हणून मागून नेली. हिरवं धरलं नव्हतं, तूच रोज सांगत होतीस. मग धडधाकट नाण्यांना झालं काय? आंधळ्याला बटणं पाठवली की झालं, त्याला काय दिसतंय!”

मी दुकानातून अॅसिटोन आणलं. चष्म्याच्या काचेवरच्या खुणा पुसायला आम्ही तेच वापरतो. गालगुंड्यावरचं लॅकर पुसून काढलं आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हा बघा, हा तरी तुमचाच. त्यांनी कडा चाचपल्या आणि क्षणभर चेहरा उजळला. मग अंगठा गालावर नेला. शोधत राहिले. काका, ते त्या गालावरून इतका वेळ अंगठा फिरवत होते की मला बघवेना. मग म्हणाले, “ठमे, तूही त्याला सामील आहेस?”

काल शेजारच्यांसमोर त्यांनी तुम्हाला चोर म्हटलं. जेवत नाहीत. पायाची जखम पुन्हा वाहायला लागलीय. आज डॉक्टर म्हणाले, आता फार दिवसांची आशा धरू नका.

खरं सांगायचं तर दोनच वाटा आहेत. एक तर तुम्हाला चोर म्हणत जाऊ द्यायचं, नाहीतर त्यांच्याच हातांनी नाणी मरत होती हे सांगायचं. मला एकटीला हे ठरवता येत नाही. तुम्ही सांगा.

ठमी

४ मे

ठमे,

सांग त्याला. सगळं सांग. रोगाचं, घामाचं, लॅकरचं, आणि तू रोज खोटं बोलत होतीस तेही सांग.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादाने स्वतःचं शिक्षण सोडून कवळ्यांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि मला शिकवलं. माझ्या अंगावरचा पहिला कोट त्याचा. आणि तो मला चोर म्हणतो? त्याच्यासाठी मी या वयात, वॉकरला लोंबकळत, बादल्या उचलल्या, आणि वर हे ऐकून घ्यायचं? लोकांनी काय वाटेल ते म्हणावं, मला फिकीर नाही. दादाच्या तोंडून ते ऐकून मी जगू शकणार नाही. आता कसलीही दयामाया नको. हे पत्र मिळेल त्याच दिवशी सांग.

काका

७ मे

ठमे,

मागचं पत्र रागाच्या भरात लिहिलं. टपालात टाकलं आणि दारापर्यंत येईतो पश्चात्ताप झाला, पण पेटीत हात घालून पत्र काढता येत नाही. शेजारीण म्हणाली, मी फोन लावून देते, काय सांगायचं ते सांगा. पण हे परक्या बाईच्या तोंडी कसं देऊ, आणि तिच्यासमोर स्वतः तरी कसं बोलू? म्हणून पुन्हा लिहितो, आणि देवाने टपालवाल्याला पंख द्यावेत.

त्याला सांगू नकोस. चोर म्हणू दे. मी विचार केला तेव्हा लक्षात आलं की चोर भाऊ ही त्याला बाहेरून झालेली जखम आहे. तिला शिव्या घालता येतात. हातांचं कळलं तर तो शिव्या कुणाला घालणार? त्याच्याकडे आता हातांशिवाय काय उरलंय?

त्याला म्हण, काकाने कबूल केलं. खरी नाणी त्याच्याकडेच आहेत, त्याला मोह झाला. हवं तर माझ्या नावाने तसं पत्र वाचून दाखव. आजवर तू माझ्या पत्रातलं गाळून वाचलंस, आता भर घालून वाच. मी उलट बोलणार नाही.

काका

१२ मे

काका,

तुमचं दुसरं पत्र आज आलं. पहिलं परवा आलं होतं. तुम्ही लिहिलं होतंत त्याच दिवशी सांग, मी त्याच दिवशी सांगितलं.

बाबांना वाटलं मी तुमची बाजू घेऊन काहीतरी रचतेय. मग मी तुमचं एक मार्चचं पत्र काढलं आणि न गाळता वाचून दाखवलं. बादल्या, वाट्या, शेजारणीची लोणची, फोडाखालची पूड, सगळं. लोणच्यांपाशी हसले. तुमच्या थट्टेला हसण्याची त्यांची जुनी रीत आहे ना, तसंच, नाकातल्या नाकात.

पत्र संपल्यावर विचारलं, “घामाने?” मी म्हटलं, “हो.” मला वाटलं आता माझ्यावर रागावतील, निदान इतके दिवस खोटं का बोललीस म्हणून. तसं काही झालं नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. म्हणाले, “कडेने धरायची असतात. मीच सांगायचो.”

नंतर म्हणाले, “त्याला लिही, दादा चुकला. लिही की तू चांगलं काम केलंस.” तुमची शाबासकी त्यांच्याच शब्दांत कळवतेय, काका. मागच्या वेळी राहिली होती.

मग त्यांनी हातमोजे मागितले. ते पांढरे सुती, नाण्यांचे. मला वाटलं पेटी हवी असेल म्हणून पेटीही पुढे केली. ती सरकवून दिली, हातमोजे घातले, आणि तेव्हापासून काढलेले नाहीत. जेवताना चमचा धरतात. रात्री झोपताना मी काढू लागले तर हात मागे घेतला. दुकानातून येऊन मी जवळ बसले की पूर्वी माझा चेहरा चाचपून बघायचे, दमलेय की नाही ते त्यांना तसं कळायचं. काल मी स्वतःच त्यांचा हात उचलून गालाशी नेला. “राहू दे,” म्हणाले. “तुला लागेल.”

मी म्हटलं, बाबा, मी काय ब्राँझची आहे? त्यांना हसवायला म्हटलं होतं. हसले नाहीत.

ठमी

२ जून

काका,

काल सकाळी बाबा गेले. हे तुम्हाला फोनवर ओरडून सांगणं मला जमलं नसतं, आणि तुम्हाला येणंही शक्य नव्हतं, हे मला माहीत आहे. ते मनाला लावून घेऊ नका.

शेवटचे दिवस शांत होते. वेदना होत्या, पण ओरडले नाहीत. हातमोजे मळायचे, मी एक जोड धुऊन दुसरी घालायची. एवढ्या अदलाबदलीत त्यांची उघडी बोटं क्षणभर माझ्या हातात यायची, तेवढीच. ती थंड आणि ओली असायची. मी पुसायला गेले की मूठ मिटायचे.

जायच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होते. म्हणाले, “नाणी त्याच्याकडे पाठवून दे. त्याचे हात कोरडे आहेत.” आणखी काही सांगायचंय का विचारलं, तर मान हलवली.

पेटी पाठवतेय. गालगुंड्या वेगळा कापसात ठेवलाय, त्याच्यावर लॅकर नाही. मी पुसलं होतं ना, त्या दिवशी. मला आता पुन्हा कुठल्याच नाण्याकडे बघायचं नाही, त्याबद्दल रागावू नका. तुमच्यावर माझा राग नाही. असला तर तो आपल्या दोघांवर मिळून आहे, आणि तुम्हाला एकट्याला त्यातला किती द्यायचा हे मला कळत नाही.

लोकांनी हातमोजे काढायला सांगितले. मी काढू दिले नाहीत. मग वाटलं, निदान आता तरी काढायला हवे होते.

ठमी

१५ जून

ठमे,

पेटी मिळाली. सगळी नाणी सुखरूप आहेत. लॅकर कुठेही उडालेलं नाही, काम माझं चोख आहे. तुझ्या बापाच्या हयातीत हे मी अभिमानाने लिहिलं असतं.

तू मला रागातला वाटा किती द्यायचा म्हणतेस. सगळा माझ्याकडे दे. तू मला विचारलंस आणि मी आधी माझं नाव वाचवलं. तीन दिवसांनी मला दादा आठवला. तेवढ्या वेळात टपाल पोचतं.

दादा म्हणाला माझे हात कोरडे आहेत. होते, आजवर होते. पेटी उघडली तेव्हापासून मी सारखा डोळे पुसतो आणि त्याच हातांनी नाणी उचलतो. हातमोजे कुठे ठेवलेत ते मी शोधलेलं नाही.

गालगुंड्या पाहिला. त्या दिवशी दादा जिथे अंगठा फिरवत फोड शोधत होता, बरोबर तिथे, बादशहाच्या गालावर, फिकट हिरवा ठिपका आलाय. मोहरीएवढा आहे. सोड्याच्या पाण्यात टाकला तर आजच थांबेल, उशीर केला तर डोळ्यापर्यंत जाईल आणि मग सगळा चेहरा.

बरणी काढली होती. पाणीही घातलं होतं. नंतर ते ओतून दिलं. नाणं उशाशी ठेवलंय, कापसाशिवाय.

काका